शेवंती फुलून गेली म्हणजे मेली का?

‘शेवंती एकाच हंगामाची, फुलं सुकली की उपटून टाका,’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. नाशिकमध्ये दिवाळीला आणलेली कुंडी संक्रांतीपर्यंत वाळकी, तपकिरी दिसू लागते, त्यामुळे तसं वाटणं साहजिकच. पण शेवंती बहुवर्षायू आहे. वाळतात त्या फुलून गेलेल्या फांद्या. मुळं बहुधा जिवंत असतात. खात्री करायची तर बुंध्याजवळची माती बोटाने हलकेच बाजूला करा. नखाएवढे हिरवे कोंब दिसले, तर त्याच काश्या, पुढच्या वर्षीची झाडं. जुन्या फांद्या चार बोटं ठेवून छाटा. पावसाळ्यात कुंडीत पाणी साचू देऊ नका. रात्री मोठ्या होऊ लागल्या की शेवंती कळ्या धरते, म्हणून कुंडी रस्त्यावरच्या दिव्याखाली मात्र नको. मुळं काळी, मऊ होऊन कुजली असतील, तरच झाड गेलं समजा.