एका वेळी दोन पदव्या? चालतात!

‘एका वेळी दोन पदव्यांना नाव घातलं तर दोन्ही रद्द होतात,’ असं घरातले वडीलधारे अजूनही छातीठोकपणे सांगतात. त्यांचा दोष नाही, पूर्वी दोन नियमित पदव्या एकदम करता येत नव्हत्याच. पण विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल 2022 मध्ये ही मुभा दिली.

दोन्ही अभ्यासक्रम प्रत्यक्ष वर्गात बसून करायचे असतील तर तासांच्या वेळा एकमेकांवर येता कामा नयेत. एक नियमित आणि दुसरा दूरस्थ किंवा ऑनलाइन, हेही चालतं. दोन्ही दूरस्थ असले तरी हरकत नाही. म्हणजे सकाळी कॉलेजात बी.कॉम. आणि सोबत नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बी.ए. हे नियमात बसतं. दूरस्थ अभ्यासक्रम मान्यताप्राप्त हवा, एवढं मात्र नक्की तपासा. पीएचडीला ही सवलत नाही.

खरी मेख वेगळीच आहे. आयोगाने परवानगी दिली, सक्ती केलेली नाही. अंमलबजावणी कशी करायची ते प्रत्येक विद्यापीठ ठरवतं. शिवाय शाळा-कॉलेज सोडल्याचा मूळ दाखला एकच, आणि तो दोन्हीकडे मागितला की पंचाईत! फी भरण्याआधी दोन्ही कार्यालयांत विचारून घ्या, जमल्यास लेखी.