वाचनालयातली शांतता आली कुठून?

पुण्याच्या पेठांमध्ये स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका दाटीवाटीने उभ्या राहिल्या आणि आवाज कशाला म्हणायचे याची मोजपट्टीच बदलली. बोलणे तिथून केव्हाच हद्दपार झाले आहे. आता कुरबुर होते ती पेनाच्या टिकटिकीवरून, खुर्ची ओढल्यावरून, चिप्सच्या पुडीवरून किंवा टेबलावर थरथरणाऱ्या फोनवरून. याउलट एखाद्या जुन्या सार्वजनिक वाचनालयाच्या मुक्तद्वार विभागात सकाळी डोकावले, तर निवृत्त मंडळी वर्तमानपत्राची पाने आपसांत वाटून घेताना, अग्रलेखावर शेरे मारताना आणि अधूनमधून एकमेकांचे सरकार पाडताना दिसतात. ‘कृपया शांतता राखा’ ही पाटी मात्र दोन्ही भिंतींवर असते.

या पाटीचे वय आपण समजतो तेवढे नाही. वाचन म्हणजे मुकाट्याने करायची गोष्ट, ही कल्पनाच आपल्याकडे उशिरा आली. पोथी वाचली जायची ती ऐकवण्यासाठी. पुराणिक वाचत, घरातली आणि शेजारची माणसे ऐकत. ज्ञानेश्वरीच्या पारायणाचे बळ आजही शंभर कंठ एकदम लागतात त्यात आहे. लिखाणाची पद्धतही या सवयीला धरूनच होती. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ आखत आणि तिच्याखाली शब्द न तोडता अक्षरे चालवत. विरामचिन्हे जवळजवळ नसतच. असा मजकूर डोळ्यांनी नुसता चाळता येत नाही, तो जिभेवर घोळवावा लागतो. ‘केसरी’ 1881 मध्ये निघाला, त्यानंतरही कितीतरी गावांत एक अंक यायचा, एक जण वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. वाचकांपेक्षा श्रोते जास्त, हीच वर्तमानपत्राची रीत होती.

युरोपातही सुरुवात वेगळी नव्हती. जुन्या लॅटिन हस्तलिखितांतही शब्दांमध्ये जागा सोडत नसत. चौथ्या शतकात मिलानचे बिशप अँब्रोज ओठ न हलवता वाचतात, हे संत ऑगस्टीनला आवर्जून लिहून ठेवावेसे वाटले. पुढे शब्द सुटे लिहिण्याची पद्धत रुळली, मनातल्या मनात वाचणे सोपे झाले आणि मग शेजाऱ्याचा आवाज खुपू लागला. फ्रान्समधल्या आन्झे विद्यापीठाच्या ग्रंथालयाने 1431 च्या नियमांत बोलण्यावर बंदी घातली आणि पुटपुटण्यावरही. पॅरिसच्या सॉर्बोनमध्ये पुस्तके साखळीने मेजाला बांधलेली असत आणि त्या दालनाला पवित्र जागेचा मान होता. देवळातली अदब तिथे ग्रंथांपुढे आली. मात्र ही सगळी विद्यापीठातल्या मोजक्या पंडितांसाठीची व्यवस्था होती.

आपल्याकडे सार्वजनिक वाचनालये एकोणिसाव्या शतकात आली. रत्नागिरीत 1828, अहमदनगरला 1838, नाशिकला 1840, पुण्यात 1848, कोल्हापुरात 1850. यांपैकी बहुतेकांची पहिली नावे ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ या थाटाची होती. गावातले इंग्रज अधिकारी, शिकलेले नोकरदार, वकील आणि काही सरदार-सावकार वर्गणी काढून ती चालवत. पुस्तके थोडी असायची. मुख्य ओढ असायची ती टपालाने येणाऱ्या वर्तमानपत्रांची. ती वाचायची आणि वाचलेल्यावर बोलायचे. पुण्याच्या लायब्ररीच्या उभारणीत लोकहितवादींचा हात होता आणि ते ज्या पिढीचे होते, तिला वाद घालण्यासाठी जागा हवी होती. सभा, व्याख्याने आणि वाचनालये चालवणारी माणसे बहुधा तीच असत. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने 1875 मध्ये सुरू झाली. आजही जिल्ह्याच्या गावी व्याख्यानमाला आणि नगर वाचनालय ही नावे जोडीने येतात, त्याचे मूळ इथे आहे. आपले सार्वजनिक वाचनालय जन्मले ते बोलकेच.

मुंबईत त्याच काळात दुसरा नमुना होता. सर जेम्स मॅकिंटॉश यांनी 1804 मध्ये लिटररी सोसायटी स्थापली, तीच पुढे एशियाटिक सोसायटी झाली. 1833 मध्ये बांधून झालेल्या टाउन हॉलच्या उंच दालनात तिचे ग्रंथालय आहे. पहिली काही दशके हिंदी माणसाला सभासदत्वच नव्हते, त्यामुळे तिथल्या शिस्तीत साहेबी क्लबाची छाप होती. काळा घोड्याजवळच्या डेव्हिड ससून लायब्ररीची गोष्ट जरा निराळी. टांकसाळ आणि गोदीतल्या तरुण यंत्रकामगारांनी 1847 मध्ये काढलेल्या संस्थेतून ती वाढली आणि 1870 मध्ये सध्याच्या इमारतीत आली. तिच्या सज्जातल्या लांब आरामखुर्च्यांवर पुस्तक छातीवर उपडे ठेवून डुलकी काढणारे सभासद हा मुंबईच्या जुन्या खुणांपैकी एक. वाचनालयात झोपणे हा गुन्हा मानला, तर इथे अनेक पिढ्या दोषी ठरतील.

पाटीतला हुकमाचा सूर इंग्लंडहून आला. 1850 च्या कायद्याने तिथल्या नगरपालिकांना करातून ग्रंथालये चालवण्याची मुभा मिळाली आणि पहिल्यांदाच मजूर, फेरीवाले, बेकार अशी माणसे वाचनगृहात येऊन बसू लागली. थंडीत ऊब मिळायची, हेही एक कारण होते. मध्यमवर्गीय समित्यांनी त्यांच्यासाठी नियमांचे फलक लावले. बोलू नये, थुंकू नये, खाऊ नये, झोपू नये. सगळ्यांत गोंगाटाचे दालन वर्तमानपत्रांचे असे. घोड्यांच्या शर्यतींवर पैज लावणारे तिथे गर्दी करतात म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काही ग्रंथालयांनी रोजच्या अंकातल्या शर्यतीच्या बातम्यांवर काळी शाई फासायला सुरुवात केली. वाचकाला गप्प करण्यासाठी बातमीच पुसून टाकायची, हा उपाय आज विनोदी वाटतो. त्या काळी तो गंभीरपणे, ठराव करून केला जात होता. वरच्या थरातले लोक निराळी वाट काढत. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनगृहातली गर्दी आणि गैरसोय सोसवेना म्हणून लेखक टॉमस कार्लाइल यांनी पुढाकार घेऊन 1841 मध्ये लंडन लायब्ररी काढली. तिथे वर्गणी भरून पुस्तक घरी नेता येई. 1857 मध्ये म्युझियमचे प्रसिद्ध घुमटाकार दालन उघडले, तेव्हा पावलांचा आवाज मरावा म्हणून जमिनीवर रबर आणि बुचाच्या मिश्रणाचे आच्छादन घातले होते. शांतता नुसती बजावून मिळत नाही, ती बांधकामातच घालावी लागते, हे तिथल्या लोकांना कळले होते. आपण पाटी उचलली आणि जमीन शहाबादी फरशीचीच ठेवली.

बडोद्यात मात्र वेगळा विचार झाला. सयाजीराव गायकवाडांनी 1910 मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून राज्यभर मोफत ग्रंथालयांची साखळी उभी करायला घेतली. मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावची वाचनालये, लाकडी पेट्यांतून फिरणारी पुस्तके, मुलांसाठी स्वतंत्र विभाग आणि ज्यांना अक्षरओळख नाही त्यांच्यासाठी चित्रे दाखवण्याची सोय. निरक्षर माणसालाही ग्रंथालयाच्या दारात आणायचे ठरले की ‘बोलू नका’ हे पहिले वाक्य असू शकत नाही. मराठी राज्यकर्त्याने घडवलेला हा प्रयोग नंतर महाराष्ट्रात त्या जोमाने रुजला नाही, याची हळहळ ग्रंथालय चळवळीतली जुनी माणसे नेहमी व्यक्त करतात आणि त्यांचे म्हणणे मला पटते.

आज आपल्या महाविद्यालयीन ग्रंथालयांच्या ओळखपत्रामागे जे नियम छापलेले दिसतात, त्यांचा मसुदा मद्रासहून आला. एस. आर. रंगनाथन मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल होते आणि त्यांच्या पुस्तकांवर भारतभरच्या ग्रंथपालांच्या पिढ्या शिकल्या. प्रवेशनोंदवहीत नाव लिहा, काठी-छत्री दाराशी ठेवा, कुत्री आत आणू नका, शांतता पाळा, थुंकू नका, धूम्रपान करू नका, झोपू नका. हातात काठी घेऊन कोणी ग्रंथालयात येईनासे झाले, तरी कित्येक नियमावल्यांत ती अजून दाराशी ठेवलेली आहे. वास्तविक रंगनाथनांचा जीव कपाटे वाचकांना खुली करण्यात होता. पुस्तके वापरण्यासाठी असतात, हा 1931 मध्ये मांडलेल्या त्यांच्या पाच सूत्रांतला पहिला नियम. आपल्या संस्थांनी नियमावली तत्परतेने घेतली आणि कपाटांची कुलुपे काढायला अनेकांना पुढे कित्येक दशके लागली.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 चा. त्याखाली वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळाले आणि वर्गाप्रमाणे अनुदान. ग्रंथ किती, वर्तमानपत्रे-नियतकालिके किती, रोज किती तास उघडे, कर्मचारी किती, हे सगळे तपासणीत पाहिले जाते. बसायला निवांत जागा आहे का, हा प्रश्न त्यात मागेच पडतो. गावातले वाचनालय ग्रामपंचायतीच्या खोलीत, मंदिराच्या ओवरीत किंवा एसटी स्टँडजवळच्या गाळ्यात असेल, तर शेजारचा स्पीकर बंद करायला सांगणार कोण?

आणि तरीही शांततेची खरी गरज महाराष्ट्रात होती. ती पुस्तकांपेक्षा घरांच्या आकारातून आली. परळच्या चाळीत एका खोलीत राहणारे रामजी आंबेडकर मुलाला लवकर झोपवत, स्वतः जागे राहत आणि रात्री दोनच्या सुमारास, चाळ निजलेली असताना, भीमरावांना अभ्यासाला उठवत, हे चरित्रातून सर्वांना ठाऊक आहे. दिवसा भीमराव चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत. तिथेच कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींची त्यांच्यावर नजर पडली. पुढे लंडनला शिकत असताना बाबासाहेब ब्रिटिश म्युझियमच्या त्याच घुमटाखाली दिवसदिवस बसत. एका खोलीत सात-आठ माणसे राहत असताना अभ्यास करायचा तर रात्र, बाग नाही तर वाचनालय, एवढेच पर्याय उरतात. गिरणगावातल्या मुलांनी मंडळाच्या खोलीत, पालिका शाळेच्या वर्गात, देवळाच्या ओट्यावर परीक्षा काढल्या. वाचनालयांनी याच मुलांसाठी ‘अभ्यासिका’ नावाचा वेगळा कोपरा काढला आणि तिथली शांतता पाटीवाचूनही पाळली जायची, कारण प्रत्येकाला ती हवी होती.

लोकसेवा आयोगाच्या परीक्षांची लाट आल्यावर हा कोपरा बाजारात गेला. सदाशिव, नारायण, शनिवार पेठेत खासगी अभ्यासिकांत महिन्याच्या भाड्याने नंबराची खुर्ची मिळते. सोबत प्लायवुडचा आडोसा, चार्जिंगचा सॉकेट, वायफाय आणि डोक्यावर सीसीटीव्ही. पुस्तक ज्याचे त्याने आणायचे. एकही ग्रंथ नसलेली ही वाचनालये मुळात शांतता विकतात. विकत घेतलेल्या वस्तूत खोट निघाली की गिऱ्हाईक चिडणारच, म्हणून तिथे पेनाची टिकटिकही तक्रारीचा विषय होते. तिथले पोर काही जात्या चिडके नसते. गावाकडून येणाऱ्या पैशांतला मोठा वाटा त्या खुर्चीवर जात असतो.

कायदा या बाबतीत काय म्हणतो? 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, तर शांतता क्षेत्रात दिवसा 50 आणि रात्री 40 ही मर्यादा आहे. रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्याभोवतीचा किमान 100 मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवता येतो. या यादीत सार्वजनिक वाचनालयाचे नाव नाही. 2017 मधल्या दुरुस्तीनंतर तर राज्य सरकारने रीतसर जाहीर केल्याशिवाय कोणतीही जागा शांतता क्षेत्र मानली जात नाही. इमारतींसाठीच्या भारतीय मानकांत ग्रंथालयाच्या आत 40 ते 45 डेसिबल ही स्वीकारार्ह पातळी धरली आहे. साधे बोलणे सुमारे 60 असते. डेसिबलचा हिशेब सरळ बेरजेचा नसतो. दहा वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे टेबलापलीकडे नेहमीच्या आवाजात बोलणारा माणूस मानकापेक्षा तीन-चार पट मोठा ऐकू येतो. तेवढेच काम भर रस्त्यावरची उघडी खिडकी बिनबोभाट करते. खडखडणारा पंखाही हातभार लावतो. गणपतीआधीच्या दोन महिन्यांत ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला की नदीकाठच्या अभ्यासिकांत पाटी लावण्यालाच अर्थ उरत नाही.

म्हणून नव्या इमारती आता आवाजाची वाटणी करू लागल्या आहेत. पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय 1832 चे. ते शहराच्या पाट्टो भागातल्या बहुमजली इमारतीत गेले, तेव्हा मुलांना आणि संशोधकांना वेगवेगळी जागा मिळाली. बालविभागात गोष्ट मोठ्याने वाचली तरी संदर्भ विभागात कोणी मान वर करत नाही. महाबळेश्वर-पाचगणी रस्त्यावरच्या भिलार गावाने तर 2017 मध्ये घरांच्या पडव्या, देवळे आणि शाळा यांत पुस्तके मांडली. तिथे कोंबडे आरवतात, स्ट्रॉबेरीच्या भावावर बोलणे चालते आणि पर्यटक वाचतही असतात.

अशी वाटणी करायला जागा लागते आणि ती राखायला माणसे. ड वर्गाच्या वाचनालयात बहुधा एकच कर्मचारी असतो. कुलूप उघडणे, झाडणे, वर्तमानपत्रांना काठ्या लावणे, देवघेवीची नोंद ठेवणे ही सगळी कामे त्याचीच. अनुदानातून त्याच्या हाती पडते ते मानधन किमान वेतनाच्याही खाली जाते, अशी ग्रंथालय कर्मचाऱ्यांची जुनी तक्रार आहे. गावच्या माजी सरपंचांना ‘जरा हळू बोला’ असे सांगण्याची जबाबदारी नियमावलीने टाकली आहे ती त्याच माणसावर.