सोळा-आठ म्हणजे कमी खाणं नव्हे: हाडांच्या बाजूनं पाहिलं तर

कुणी म्हणालं, ‘मी सोळा-आठ करतेय,’ की ऐकणारा गृहीत धरतो, ही कमी खातेय. इथेच गल्लत होते. दिवसभराचं खाणं आठ तासांत उरकायचं आणि उरलेले सोळा तास काही खायचं नाही, ही एक गोष्ट. खाण्यातल्या कॅलरीच कमी करायच्या, ही दुसरी. वजनकाट्याला यातला फरक कळत नाही, पण हाडांना कळतो.

आधी कमी खाण्याचं पाहू, कारण तिथला पुरावा जास्त भक्कम आहे. अमेरिकेतल्या ‘कॅलरी’ नावाच्या अभ्यासात लठ्ठ नसलेले २१८ जण होते. त्यांच्यातल्या एका गटानं दोन वर्षं कॅलरी २५ टक्क्यांनी कमी करायच्या होत्या, प्रत्यक्षात साधारण १२ टक्केच जमलं. तेवढ्यानंही वजन दहाएक टक्क्यांनी उतरलं आणि कमरेच्या मणक्यांची व खुब्याची घनता नेहमीसारखं खाणाऱ्यांपेक्षा जास्त घटली. शरीराचा भार कमी झाला की हाडाला मजबूत राहण्याचा इशाराही कमी मिळतो. खाणं फारच तोडलं तर इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घसरतं, पाळी लांबते किंवा थांबते, आणि हाडांची झीज वेग घेते. २००६ सालच्या एका अभ्यासात जवळपास तेवढंच वजन व्यायामानं उतरवणाऱ्यांची हाडं मात्र टिकून राहिली. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो.

आता वेळेचं. इथली भीती सीटीएक्स नावाच्या रक्ततपासणीतून येते. जुनं हाड विरघळताना त्याचे तुकडे रक्तात उतरतात, तेच ही तपासणी मोजते. हा आकडा पहाटे वर असतो आणि खाल्लं की खाली येतो. म्हणून तर हे रक्त सकाळी उपाशीपोटी घेतात. नाश्ता करून गेलात तर आकडा फसवा येतो. मग सोळा तास उपाशी राहिल्यावर हाड जास्त वेळ विरघळत राहील का? शंका रास्त आहे. पण जुनं हाड काढणं आणि नवं भरणं हे काम सतत चालू असतं, त्याची एक फेरी पुरी व्हायला काही महिने लागतात. त्यामुळे काही तासांच्या चढउतारावरून हाड घटलं असं म्हणता येत नाही. वेळ बांधून खाण्याच्या, जादा वजनाच्या प्रौढांवर बारा आठवडे केलेल्या एका चाचणीत हाडांच्या या उलाढालीवर वाईट परिणाम दिसला नाही. बारा आठवडे म्हणजे हाडाच्या हिशेबात फारच थोडा काळ, हेही तितकंच खरं. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनवर बदल नीट दिसायला सहसा वर्षभर तरी जावं लागतं.

खरी अडचण वेळ बांधून खाण्याचं नकळत कमी खाणं होतं तेव्हा येते. समजा, दुपारी बारा ते रात्री आठ एवढीच मुभा आहे. सकाळचं दूध गेलं, अंडं गेलं. बाराला कडकडून भूक लागलेली, म्हणून पोटभर जेवण झालं. साडेसातला फारशी भूक नाही, म्हणून चार घास. आता जोडा हिशेब: प्रौढाला दिवसाला साधारण १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं आणि शरीर एका वेळी सुमारे ५०० मिलिग्रॅमपर्यंतच ते चांगलं शोषतं. दोनच जेवणं असतील तर दोन्हींत ते असायला हवं. प्रथिनांचंही तसंच. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ११६ जणांपैकी काहींना हीच बारा ते आठची वेळ दिली होती. काय आणि किती खायचं ते सांगितलं नव्हतं. वजन किरकोळ उतरलं, पण ज्यांची बारकाईनं मोजमापं घेतली त्यांच्या हातापायांचे स्नायू घटलेले दिसले. स्नायू हाडाला ओढ देतात, ती ओढ सैल पडली की हाडाचंही नुकसान.

म्हणून सोळा-आठ करणाऱ्यानं घड्याळाबरोबर ताटही पाहावं आणि वजन उचलण्याचा व्यायाम सोडू नये. पाळी गेलेल्या, पाळी अनियमित झालेल्या किंवा आधी हाड मोडलेल्या व्यक्तींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे सुरू करू नये. ठिसूळ हाडांसाठी अॅलेन्ड्रोनेटची गोळी चालू असेल तर ती सकाळी उठल्यावर नुसत्या पाण्याबरोबरच घ्यायची, नंतर किमान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत नको, ती जेवणाच्या वेळेत घ्यावी.