काठपट्ट्याचे रक्षण व पावसाच्या पाण्याचा बंदोबस्त (खानदेश)

नदी-नाल्याच्या तीरावर गवत, झुडपे व झाडे राखलेली जमिनीची पट्टी म्हणजे काठपट्टा. ती मुळांनी काठ धरून ठेवते आणि शेतातून येणारा गाळ अडवते. मात्र हे काम पाणी पातळ थराने, पसरून आले तरच साधते. तेच पाणी एका ठिकाणी गोळा होऊन लोंढ्याने आले की पट्टा चिरून थेट पात्रात उतरते. म्हणून काठ राखायचा तर सुरुवात काठापासून मागे, शेतात, रस्त्यावर आणि गावठाणात करावी लागते.

जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत हा प्रश्न मातीतच आहे. तापीच्या खोऱ्यात गाळाच्या मातीचा जाड थर असून तापी, गिरणा, पांझरा, बोरी, अनेर या नद्या त्यात खोल उतरल्या आहेत. शेत वर आणि पात्र कितीतरी खाली, त्यामुळे बांधावरून सुटलेल्या पाण्याला काठावरून उडी घ्यावी लागते. पाऊस बेताचा, पण तो मोजक्या जोरदार सरींत पडतो. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी चाळीसगावात तितूर नदीला आलेल्या पुराने एका रात्रीच्या पावसाचा जोर दाखवून दिला. त्यात कपाशीच्या ओळी रुंद, जून-जुलैत जमीन जवळजवळ उघडी. ओळी उताराच्या दिशेने असल्या तर प्रत्येक सरीची पन्हळ होते.

घळ, म्हणजे पाण्याने कापलेली खोल खाच, कशी पडते ते काठावर उभे राहून पाहावे. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते. पहिल्या मोठ्या पावसाचे पाणी काठाजवळच्या भेगेत शिरते आणि खालून माती धुऊन नेते. वर गवत हिरवेगार दिसत असते, पण नाल्याच्या बाजूने पाहिले तर टोपलीएवढे भोक पडलेले असते. पुढच्या सरीत त्याचे छत बसते, उडी घेणारे पाणी पायथा पोखरते आणि घळीचे तोंड शेताकडे सरकू लागते. करंजाची मुळे हवेत लोंबतात. मग झाड कोसळते. नदीने झाड नेले असे सगळे म्हणतात. वास्तविक ते मागच्या शेतातल्या पाण्याने नेलेले असते.

पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याची ऊर्जा चौपट होते. त्यामुळे पाणी संथ करणे हाच सर्व उपायांचा गाभा आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांच्या थरात पाणी चांगले मुरते. तेथे समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले चर, उपयोगी पडतात. खाली शेतात उताराला आडवी पेरणी आणि बांधबंदिस्ती करतात. बांधाला सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर पडण्याची वाट, हवाच, आणि तो दगडाने बांधून काढलेला हवा. सांडवा नसलेला बांध फुटतो तेव्हा सारे साठलेले पाणी एकदम काठावर येते. काठाच्या अलीकडे मारवेल किंवा वाळा या गवताची आडवी पट्टी लावल्यास पाणी पसरते. तिच्यापुढे निरगुडी, करंज, जांभूळ, अर्जुनसादडा ही झाडे टिकतात. पडलेल्या घळीत वरच्या टोकापासून अनघड दगडांचे बांध घालतात. त्यांचा मधला भाग टोकांपेक्षा खाली ठेवावा लागतो, नाहीतर पाणी बाजूने वळसा घालून काठच कापते.

रस्त्याच्या मोऱ्यांकडे, म्हणजे रस्त्याखालून पाणी नेणाऱ्या नळांकडे, फारसे कोणी पाहत नाही. अर्ध्या शिवाराचे पाणी एका नळातून काठावर सोडले जाते आणि तिथेच सर्वांत खोल घळ पडते. मोरीच्या तोंडाशी दगडी फरसबंदी करून पाणी पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरवावे. पांझरेवरील जुन्या फड पद्धतीत, म्हणजे बंधाऱ्याचे पाणी पाटाने शेतांच्या गटांना (फडांना) सामूहिकपणे वाटण्याच्या पद्धतीत, ही समज दिसते: बंधाऱ्यावरून पाटात आलेले जादा पाणी सांडव्यांच्या ठरावीक वाटेने परत नदीत सोडत.

शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले रुंद व खोल करून त्यांवर बंधारे बांधण्यात आले. ‘शिरपूर पॅटर्न’ म्हणून हे काम राज्यभर गाजले. विहिरींना पाणी आणणाऱ्या या पद्धतीची नक्कल करताना एक जोखीम सांभाळायला हवी. मुख्य नाला खोल केला की त्याला मिळणारे छोटे ओहोळ उंचावर लोंबकळतात आणि स्वतःची तोंडे कापत शेतात शिरतात. उपसलेली माती काठावर टाकली तर ती काठपट्टा गाडते आणि पहिल्याच पावसात परत नाल्यात येते. म्हणून खोदकामाआधीच प्रत्येक ओहोळाच्या तोंडाशी दगडी उतार बांधावा आणि माती काठापासून दूर, शेतात पसरावी.

देखभाल पावसाळ्यातच होते. पहिल्या मोठ्या सरीनंतर काठाने एक चक्कर मारावी. पडलेले भोक त्याच आठवड्यात दगड-मातीने बुजवले तर दोन टोपल्यांत भागते, आणि दिवाळीपर्यंत राहू दिले तर तिथे घळ झालेली असते.