समुद्राची दोन शून्यं: समुद्रसपाटी आणि चार्ट डेटम

नाशिकरोडच्या फलाटावर, स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. पावसाळ्यात मुंबईहून बातमी येते, 'आज दुपारी साडेचार मीटरची भरती'. दोन्ही आकडे मीटरमधले, दोन्ही समुद्राचे. त्यामुळे ते एकाच पातळीपासून मोजले असणार असं आपण धरून चालतो. तसं नाही. पाटीचं शून्य वेगळं आणि भरतीचं वेगळं. मुंबईत या दोहोंत सुमारे अडीच मीटरचं अंतर आहे: उभा माणूस आणि त्याच्या डोक्यावर आणखी दीड हात.

पाटीवरचं शून्य म्हणजे सरासरी समुद्रसपाटी. ती काढायची पद्धत अशी: किनाऱ्यालगत एक उभी विहीर किंवा नळकांडं असतं आणि तळाच्या बारीक भोकातून समुद्राचं पाणी आत येतं. भोक मुद्दाम बारीक ठेवतात. लाटांची खळबळ बाहेरच राहते, भरती-ओहोटीची संथ चढउतार तेवढी आत पोचते. पाण्यावर फ्लोट, फ्लोटला तार, तारेला जोडलेली लेखणी आणि घड्याळाच्या यंत्रावर फिरणारा कागदाचा ड्रम, एवढ्यावर जुनी सगळी भरतीमापकं चालत. भोकात गाळ किंवा शिंपले बसले की आतलं पाणी बाहेरच्या मागे पडतं. मग भरतीचा माथा कापलेला दिसतो आणि वेळही उशिराची नोंदली जाते. म्हणून विहीर वेळोवेळी साफ करावीच लागते. तासातासाच्या नोंदी घेऊन त्यांची सरासरी काढायची, पण एका वर्षाची पुरत नाही. मोसमी वारे आणि हवेचा दाब पाणी वरखाली करतात, शिवाय चंद्राच्या कक्षेचं एक चक्र १८.६ वर्षांचं आहे. पक्की सरासरी हवी तर १९ वर्षांच्या नोंदी लागतात.

ही पातळी किनाऱ्यावरून घाट चढून आत आणली ती लेव्हलिंगने. दोन पट्ट्या उभ्या करायच्या, मध्ये दुर्बीण लावायची, मागच्या पट्टीच्या वाचनातून पुढच्या पट्टीचं वाचन वजा करायचं आणि असंच टप्प्याटप्प्याने पुढे सरकायचं. भारतात १८५८ साली सुरू झालेलं असं पहिलं जाळं १९०९ साली जुळवून पूर्ण झालं. त्यासाठी मुंबई, कारवार, चेन्नई यांसह नऊ ठिकाणची भरतीमापकं घेतली आणि नऊही ठिकाणी समुद्र शून्यावर आहे असं मानलं.

इथे एक बारीक गफलत राहिली, आणि तिचा धागा थेट आपल्या गोदेपर्यंत येतो. त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी गोदावरी अरबी समुद्राला पाठ दाखवून बंगालच्या उपसागराला मिळते. गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, कृष्णा यांचंही गोडं पाणी तिकडेच जातं. त्यामुळे उपसागराचं वरचं पाणी अरबी समुद्राच्या मानाने कमी खारं, म्हणून हलकं, आणि हलकं पाणी तेवढ्याच वजनाला जास्त जागा घेतं. दोन्ही किनाऱ्यांवरची खरी सरासरी त्यामुळे तंतोतंत एका पातळीत नसते, उपसागराकडे ती तीसेक सेंटीमीटरपर्यंत वर असते. साल्हेरची १,५६७ मीटर उंची सांगताना त्याने काही बिघडत नाही. देशभराच्या मोजणीत मात्र ही चूक हिशेबात धरावी लागते.

आता दुसरं शून्य. खलाशाला सरासरी उपयोगाची नाही, कारण जवळपास निम्मा वेळ पाणी सरासरीच्या खालीच असतं. नकाशात 'तीन मीटर' वाचून बोट आत घातली आणि ओहोटीला तिथे दीडच मीटर निघालं, तर तळ घासलाच. म्हणून सागरी नकाशावरची खोली जवळजवळ सर्वांत खालच्या ओहोटीपासून मोजतात. हा चार्ट डेटम. भारतीय बंदरांच्या भरतीचा अभ्यास करताना ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉर्ज डार्विन यांनी यासाठी एक रीत बसवली: भरतीचे चार मुख्य घटक घ्यायचे (चंद्राचा व सूर्याचा दिवसातून दोनदा येणारा एकेक, आणि दिवसातून एकदा येणारे दोन), प्रत्येकामुळे पाणी सरासरीपेक्षा किती चढतं त्या उंचींची बेरीज करायची आणि ती सरासरी समुद्रसपाटीतून वजा करायची. भरतीची कोष्टकंही याच शून्यावरून बनतात. त्यामुळे नकाशातली खोली आणि कोष्टकातली भरती सरळ मिळवता येते: नकाशात ३ मीटर, त्या वेळची भरती १.८ मीटर, पाणी ४.८ मीटर. नकाशात खाली रेघ मारलेला आकडा दिसला तर तो खोलीचा नव्हे. तो ओहोटीला उघडा पडणारा खडक त्या शून्याच्या किती वर आहे ते सांगतो. पुलाखालची मोकळी उंची मात्र भरतीच्या वरच्या पातळीपासून देतात, नाहीतर डोलकाठी अडकेल.

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती-ओहोटी म्हणजे उधाण, अष्टमीच्या सुमाराची लहान म्हणजे भांग. मुंबईत अपोलो बंदरचे आकडे चार्ट डेटमपासून असे आहेत: उधाणाची सरासरी भरती ४.४२ मीटर, भांगाची भरती ३.३०, सरासरी समुद्रसपाटी २.५१, भांगाची ओहोटी १.८६, उधाणाची ओहोटी ०.७६. म्हणजे बातमीतली साडेचार मीटरची भरती पाटीच्या भाषेत जेमतेम दोन मीटर भरते. आणि 'साडेचार मीटर उंच लाटा' असं छापून येतं ते तर चूकच आहे. भरती ही पाण्याची पातळी. लाटा तिच्यावर स्वार होऊन येतात आणि त्यांची उंची वेगळी मोजतात. हवेचा दाब एक हेक्टापास्कलने उतरला की पाणी साधारण एक सेंटीमीटर चढतं, तेही कोष्टकात नसतं. वादळात कोष्टकापेक्षा पाणी वर येतं ते यामुळे आणि किनाऱ्याकडे ढकलणाऱ्या वाऱ्यामुळे.

नाशिकहून अलिबागला जाऊन समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला पायी शिरायचं असेल तर वरचे आकडे कामाला येतात. अष्टमीच्या आसपास भांग असतो. मुंबईच्या मापाने बघा, भांगाच्या ओहोटीलाही उधाणाच्या ओहोटीपेक्षा मीटरभर पाणी जास्त उरतं. पौर्णिमा-अमावास्येच्या पुढचे एकदोन दिवस चालत जायला चांगले. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते: पंचमीला पावणेचार, आणि ओहोटी तिथून सहाएक तासांनी. अर्ध्या-पाऊण तासाची चूक यात सहज पडते, म्हणून निघण्यापूर्वी कोष्टक बघा आणि पाणी उतरत असतानाच आत जा. चढायला लागलं की लगेच परतायचं.

मोबाइलच्या उंचीचं शून्य या दोन्हींपैकी एकही नाही. उपग्रहाचा कच्चा आकडा पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासूनचा असतो, आणि भारताभोवती समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या खाली दबलेली आहे. त्यामुळे नाशिकमध्ये कच्चा आकडा पाटीपेक्षा पन्नास ते सत्तर मीटर कमी भरतो. बरीच अ‍ॅप हा फरक स्वतःच दुरुस्त करून दाखवतात, काही करत नाहीत. ड्रोनने मोजणी करणाऱ्याने सेटिंगमध्ये उंची 'लंबगोलावरून' आहे की 'जिऑइडवरून' (म्हणजे समुद्रसपाटीच्या जवळच्या पातळीवरून) हे आधी पाहावं आणि एखाद्या माहीत उंचीच्या खुणेवर उपकरण ठेवून आकडा जुळतो का ते तपासावं.