बाळगुटी

बाळगुटी : तान्ह्या बाळाचे पोट साफ राहावे, सर्दी-कफ होऊ नये आणि त्याने बाळसे धरावे म्हणून सहाणेवर उगाळून चाटवायचे काष्ठौषधींचे मिश्रण. बोलण्यात नुसते गुटी किंवा घुटी. महाराष्ट्रात बाळंतपणानंतरच्या घरगुती सल्ल्यात मालिश, शेक, धुरी यांच्या बरोबरीने तिचे स्थान आहे. गुटी कोणी लिहून देत नाही. ती आजी सांगते, मालिशवाली बाई सांगते, बाळ बघायला आलेली शेजारीण सांगते, आणि आता मोबाइलवरच्या गटांतूनही वेढ्यांच्या, म्हणजे सहाणेवर उगाळायच्या फेऱ्यांच्या, हिशेबासकट पोचते.

गुटीचे सामान घराघरांत थोडे वेगळे असले तरी काही जिनसा बहुधा असतातच : मुरुडशेंग, बाळहिरडा, बेहडा, सुंठ, वेखंड, जायफळ, मायफळ, हळकुंड, अतिविष, काकडशिंगी, नागरमोथा, ज्येष्ठमध, डिकेमाली, सागरगोटा, शिवाय पोषणासाठी खारीक, बदाम आणि आस्कंद. प्रत्येकीचे काम परंपरेने ठरवून दिलेले आहे. पोटात मुरडा आला तर पिळाच्या आकाराची मुरुडशेंग, शी साफ होण्यासाठी हिरडा, वातावर सुंठ, जुलाबाला अतिविष, झोपेसाठी जायफळ. यांतला बाळहिरडा म्हणजे हिरड्याचे बी धरण्याआधीचे कोवळे, वाळवलेले फळ. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरपट्ट्यात महादेव कोळी कुटुंबे तो गोळा करतात. त्यांच्या वर्षाच्या रोख मिळकतीत बाळहिरड्याचा वाटा मोठा असतो; गुटीच्या पुडीतला एखादा तुकडा तिथून आलेला असतो.

बहुतेक घरांत बारशानंतर, तर काही ठिकाणी सव्वा महिना झाल्यावर गुटी सुरू होते. सहाण धुऊन तिच्यावर आईचे दूध किंवा उकळून गार केलेले पाणी घेतात आणि एकेक काष्ठौषधी गोल फिरवून उगाळतात. मात्रेचे माप म्हणजे वेढा. सुंठेचा एक, हिरड्याचे दोन, जायफळाचा अर्धाच, असा हिशेब असतो आणि बाळाच्या वयाप्रमाणे वेढे वाढवत नेतात. हे माप दिसते तितके नेमके नाही. सहाण किती खरखरीत, हात किती दाबून फिरला, काष्ठौषधी जुनी की ताजी, यावर एका वेढ्यात किती द्रव्य उतरते हे बदलते. आंघोळीनंतर गुटी चाटवतात आणि बाळ तीन-चार तास गाढ झोपते. तेल, ऊन पाणी, धुरीची ऊब आणि पोटभर दूध यांनीही बाळ झोपलेच असते. श्रेय मात्र शेवटी दिलेल्या गुटीला मिळते.

गुटी लागू पडली असे वाटण्याचे मोठे कारण बाळाच्या वाढीच्या वेळापत्रकातच आहे. निरोगी, नीट दूध पिणारी कित्येक बाळे संध्याकाळी पाय पोटाशी घेऊन तासन् तास रडतात. दिवसाला तीन तासांहून अधिक, आठवड्यात तीन दिवसांहून अधिक आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ चालणारे रडणे, ही त्याची व्याख्या 1954 साली अमेरिकी बालरोगतज्ज्ञ वेसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. हे रडणे सहाव्या आठवड्याच्या सुमारास शिगेला पोचते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आपोआप ओसरते. गुटीही नेमकी याच काळात चालू असते. शीचेही तसेच. पहिल्या महिन्यात दिवसातून अनेकदा शी करणारे अंगावरचे बाळ पुढे चार-पाच दिवस एकदाही करत नाही. शी मऊ असेल, बाळ पीत असेल आणि वजन वाढत असेल, तर हा आजार नव्हे. घरात मात्र काळजी सुरू होते, हिरड्याचा वेढा वाढतो, दुसऱ्या दिवशी शी होते आणि सल्ला पक्का होतो.

बाळाला औषधी चाटवण्याचा विचार आयुर्वेदात जुना आहे. काश्यपसंहितेत ‘लेहाध्याय’ नावाचा स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यात कोणत्या बाळाला चाटण द्यावे याच्याबरोबर कोणाला देऊ नये याचीही यादी आहे. ही दुसरी यादी घरगुती परंपरेत गळून गेली, ही खरी हानी. प्रकृती पाहून द्यायची गोष्ट सरसकट प्रत्येक बाळाला रोज देण्याचा रिवाज होऊन बसली.

गुटीला खरा धोका चिकटतो तो ओलाव्यातून. उगाळून झाल्यावर ओली राहिलेली काष्ठौषधी तशीच डबीत गेली की तिला बुरशी धरते. सहाण, पाणी, बोट यांपैकी काहीही अस्वच्छ असले तर बाळाला जुलाब होतात, आणि मग जुलाबावर पुन्हा गुटीच दिली जाते. दुसरा धोका जिनसांचा. अतिविष ही बचनागाच्याच कुळातली; ती विषारी नाही, पण वाळलेली मुळे ओळखताना गफलत झाली तर बचनाग जिवावर बेततो. जायफळ जास्त झाले की येणारी गुंगी ही शांत झोप नव्हे. वेखंडात बीटा-असारोन हे द्रव्य असते आणि प्राण्यांवरील प्रयोगांत ते घातक ठरल्याने अमेरिकेने 1968 मध्ये वेखंड खाद्यपदार्थांत वापरण्यास मनाई केली. सुट्या हळदीत रंगासाठी शिशाचे संयुग मिसळल्याची प्रकरणे भारतीय उपखंडात आढळली आहेत, आणि शिसे बाळाच्या मेंदूला कोणत्याही मात्रेत अपायकारकच.

मधाबद्दल तर स्पष्ट सांगायला हवे. पुष्कळ घरांत गुटी मधात कालवतात. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना ते बाधत नाहीत. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात मात्र ते रुजून विष तयार करतात. हा आजार 1976 मध्ये अमेरिकेत प्रथम ओळखला गेला. त्याचे पहिले लक्षण बहुधा बद्धकोष्ठ असते. मग रडणे क्षीण होते, दूध ओढता येत नाही, मान लुळी पडते. म्हणजे ज्या तक्रारीसाठी घरात गुटी काढली जाते, तीच या आजाराची सुरुवात असू शकते. वर्ष पूर्ण होईपर्यंत मध बोटभरही देऊ नये.

गुटीशेजारी इतिहासात आणखी एक वस्तू उभी आहे : बाळगोळी. मुंबईच्या गिरण्यांत पाळीवर जाणाऱ्या बायका विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तान्ह्या मुलांना अफू असलेल्या या गोळ्या देत. आई कामावर असेपर्यंत मूल झोपून राहावे, एवढाच हेतू होता. दोष त्या आयांचा नव्हता. मूल ठेवायला जागा नव्हती आणि रजा नव्हती. बाटलीतले ग्राइप वॉटर आले ते दुसऱ्या वाटेने. विल्यम वुडवर्ड यांनी 1851 मध्ये इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे ते तयार केले. मूळ मिश्रणात शेपूचे तेल, खाण्याचा सोडा, साखर आणि मद्यार्क होता. मद्यार्क पुढे काढला गेला, पण बाटलीचा घराघरांतला मान राहिला आणि शहरांत तिने सहाणेची जागा बरीचशी घेतली.

आजी आणि डॉक्टर यांच्यात आज जो मतभेद दिसतो त्यामागे सल्ल्यातला एक बदल आहे. पूर्वी चार ते सहा महिने निव्वळ स्तनपान पुरे, असे सांगितले जाई. 2001 पासून जागतिक आरोग्य संघटना पूर्ण सहा महिन्यांचा आग्रह धरते. त्यात जीवनसत्त्वाचे थेंब, क्षारसंजीवनी आणि गरजेची औषधे चालतात. पाणी, मध, गुटी चालत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019–21 च्या फेरीत सहा महिन्यांखालील सुमारे 64 टक्के बाळांना निव्वळ स्तनपान मिळत असल्याचे आढळले. उरलेल्यांत वरचे दूध आणि पाणी यांच्याबरोबर अशी चाटणेही येतात. ज्या आजीने स्वतःची मुले गुटीवर वाढवली, तिला ‘आता काहीच द्यायचे नाही’ हे ऐकताना आपल्याला बाजूला सारल्यासारखे वाटते. म्हणून नुसती मनाई चालत नाही. मालिश, शेकलेले दुपटे, ढेकर काढणे, रडत्या बाळाला खांद्यावर घेऊन फिरणे ही कामे त्याच हातांची आहेत आणि बाळाला त्यांची गरज आहे.

काही लक्षणांना मात्र घरात थांबायचे नसते : तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप, हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, पोट ताठ फुगणे, तळपायांपर्यंत उतरलेली कावीळ, पांढुरकी शी, दूध सोडणे, हलवूनही नीट जाग न येणे. अशा वेळी गुटीत गेलेला अर्धा दिवसही महाग पडतो.

ग्रामीण भागात हा विषय प्रथम आशाताईंसमोर येतो. 2011 पासून चालू असलेल्या नवजात बाळांच्या गृहभेटींत, दवाखान्यात बाळंतपण झाले असल्यास 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी त्या घरी जातात, बाळाचे वजन घेतात आणि काय काय पाजले ते विचारतात. ‘गुटी देता का?’ या प्रश्नाला सून बहुधा सासूकडे बघते. ‘गुटीत काय काय घालता, ते दाखवा बरं’ असे विचारले की सहाण आणि डबी दोन्ही बाहेर येतात.