खळखळ आणि धबधब

रानातल्या पायवाटेने धबधब्याकडे निघालं की तो दिसायच्या कितीतरी आधी ऐकू येतो. सुरुवातीला नुसती खर्जातली घरघर. शेवटचं वळण घेतलं की तिच्यात एकदम फसफस मिसळते. ती मघाशीही होतीच. पण उंच पट्टीचे आवाज हवेत लवकर शोषले जातात, पानापानांवर आपटून विखुरतात. खर्ज तेवढा लांबवर टिकतो.

हा आवाज कसला? पाणी दगडावर आपटल्याचा, असं मीही बरीच वर्षं सांगत होतो. खरा आवाज बहुतांशी बुडबुड्यांचा असतो.

धार डोहात घुसताना हवा सोबत ओढून नेते. कोंडलेल्या हवेला भोवतालचं पाणी दाबतं. दबलेली हवा उसळून पाण्याला मागे रेटते. पाणी वेगाच्या भरात जरा जास्तच मागे सरकतं, आतला दाब उतरतो आणि पाणी पुन्हा आत येतं. शाळेतलं स्प्रिंगला टांगलेलं वजन आठवा. इथे हवा ही स्प्रिंग आणि पाणी हे वजन. १९३३ साली मार्सेल मिनार्ट या खगोलशास्त्रज्ञाने (हो, खगोलशास्त्रज्ञाने!) याचं गणित मांडलं. हवेच्या दाबाची ४.२ पट घ्या, तिला पाण्याच्या घनतेने भागा, वर्गमूळ काढा, मग २π आणि त्रिज्येने भागा. बुडबुड्याची कंप्रता, म्हणजे तो सेकंदाला किती वेळा आकसतो-फुगतो, ते मिळतं (एकक हर्ट्झ). आकडेमोड नको असेल तर एवढंच: १ मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा साधारण ३,३०० हर्ट्झवर वाजतो, १ सेंटिमीटरचा ३३० वर. त्याहून खालची घरघर येते ती बुडबुड्यांचा अख्खा थवा एकदम आकसतो-फुगतो तेव्हा. ओढा ‘खळखळ’ करतो आणि प्रपात ‘धबधब’, हे आपल्या भाषेने मिनार्टच्या आधीच टिपून ठेवलंय.

धबधब्याजवळच्या ‘निगेटिव्ह आयन’ने, म्हणजे ऋणभार असलेल्या कणांनी, तब्येत सुधारते असंही बरंच ऐकू येतं. फुटणाऱ्या तुषारांमुळे तिथल्या हवेत ऋणभार येतो हे खरं. भौतिकशास्त्रज्ञ फिलिप लेनार्डने ते १८९२ मध्येच दाखवलं. पण म्हणून आयनवालं लॉकेट गळ्यात घालून रोग बरे होत नाहीत.

बुडबुड्याची साक्ष घरीच काढता येते. टपकणाऱ्या नळाखाली पाण्याने भरलेलं भांडं ठेवा आणि ‘टप्’ ऐका. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१८ साली दाखवलं की तो आवाज थेंबाखाली अडकलेल्या इवल्या बुडबुड्याचा असतो. आता त्याच पाण्यात भांडी घासायचा थोडा द्रव साबण मिसळा. पृष्ठताण घटतो, थेंब तसेच पडत राहतात, पण बुडबुडा अडकत नाही आणि ‘टप्’ बंद होतं.